जड इंजिन लावलं अन् नाव मागं बसली? या चुका टाळा

गोसीखुर्दचं पाणी भरल्यापासून आमच्या पवनीकडं वैनगंगा नदीसारखी राहिलीच नाही, एवढी पसरली की वल्हं मारत जाळ्यापर्यंत जायचं म्हणजे अर्धा दिवस तिथंच जाते. म्हणून पोट्टे इंजिन लावू लागले, आधी लहान, मग मोठं. मी पण जुनं १५ एचपीचं टू स्ट्रोक काढून १५ चंच फोर स्ट्रोक लावलं, ताकद तेवढीच त नावेला काय फरक पडते, असा माझा हिशोब. जुनं होतं ३५-४० किलोच्या मधात, नवं निघालं ५० च्या वर. विकणाऱ्यानं काही सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. पहिल्या दिवशी नाव पाण्यात उभी केली त मागची फळी, जिच्यावर इंजिन बसते ती, पाण्यात वाकून पाहत होती अन् तोंड आभाळाकडं.

मग मी तेच केलं जे सगळेच करतात. दोन दगड अन् एक रेतीचं पोतं आणून तोंडाशी टाकलं. नाव सरळ दिसली, खूश झालो. पण सरळ झाली म्हणजे वर आली असं नाही ना भाऊ, उलट एकूण वजन वाढलं त सगळी नावच आणखी खाली गेली, कड पाण्याजवळ आली. अन् एके दिवशी दुपारून वावधन सुटलं, पोतं सरकून एका बाजूला गेलं, नाव कलंडता कलंडता राहिली. रेती तिथंच धरणात ओतली.

खरं म्हणजे हे आपल्याला नवीन नाही. बैलबंडी उलार झाली, म्हणजे मागं झुकली, त आपण जुवावर दगड बांधतो का? नाही, मागचे कट्टे पुढं सरकवतो. नावेचंही तसंच, वजन टाकायचं नाही, जे आहे ते हलवायचं. हिशोब सोपा आहे: वजन गुणिले मधल्या भागापासूनचं अंतर. इंजिन १५ किलोनं वाढलं अन् ते मधापासून २ मीटर मागं लटकलं आहे, म्हणजे ३०. आता पेट्रोलची भरलेली टाकी २० किलोची धरा (पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरते), ती आहे तिथून दीड मीटर पुढं सरकवली की झाले ३०. फिटंफाट, एक किलोही न वाढवता. बॅटरी असेल त ती पण पुढं न्या, अन् हँडल धरणारा ज्या बाजूला बसतो त्याच्या उलट्या बाजूला ठेवा, म्हणजे आडवा तोलही सुधारते.

टाकी पुढं नेताना लोक पाइपमध्ये गडबड करतात. आखूड पाइप ताणून बसवतात नाहीतर पाण्याचा साधा पाइप जोडतात, तो पेट्रोलनं खराब होऊन चिरते. पेट्रोलचाच लांब पाइप घ्या, पायाखाली येणार नाही असा कडेनं बांधा, रबरी बल्बवरचा बाण इंजिनकडं पाहिजे, अन् टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा विसरू नका. नाहीतर इंजिन मधातच बंद पडते अन् माणूस विनाकारण कार्बोरेटर खोलत बसते.

अजून एक, सकाळी टाकी भरलेली, संध्याकाळी रिकामी, अन् तेव्हाच ओलं जाळं अन् मासोळी नावेत. जाळं ओलं झालं की किती जड होते ते उचलणाऱ्यालाच विचारा. मासोळीचे क्रेट मागं इंजिनपाशी ठेवायची सवय मोडा, मधात ठेवा. तळातलं पाणी पण उपसत राहा, नाव मागं बसलेली असली की सगळं पाणी धावत मागंच जाते अन् ती आणखी बसते.

पिनचा गैरसमज त लयच आहे. इंजिनचा कोन बदलायची जी पिन असते ती एक भोक इकडंतिकडं केली की नाव सरळ होईल असं सांगणारे गावागावात आहेत. पिनचा उपयोग नाव पळत असताना. वेगात तोंड वरखाली आदळत असेल त इंजिन एक भोक फळीकडं घ्या, फरक दिसेल. उभ्या नावेत पिन काहीच करत नाही, अन् जाळं त आपण उभ्या नावेतूनच ओढतो.

तसंच रिकामे ड्रम. आत मागं दोन बंद ड्रम बांधले म्हणजे नाव वर येईल, काहून येईल बाप्पा? ड्रम पाण्यात बुडेपर्यंत उचलत नाही, म्हणजे नावेत पाणी भरल्यावरच त्याचं काम, तेवढ्यासाठी जरूर ठेवा. मागून उचल पाहिजे त फळीच्या बाहेर, इंजिनच्या दोन्ही बाजूंना बंद पेट्या बसवून घ्या, पण ते कारागिराचं काम आहे.

फळी हातोडीनं ठोकून बघा. बद्द आवाज आला त लाकूड आतून सडलं आहे, त्यावर जड इंजिन नको. नुसत्या क्लँपवर विसंबू नका, बोल्ट आरपार मारा, आतून पट्टी द्या, अन् इंजिनला वेगळी साखळी बांधाच.

अन् वेगात येऊन एकदम थ्रॉटल सोडू नका. आपलीच लाट मागून येते अन् खाली बसलेल्या फळीवरून सरळ आत. माझे दोन मोबाइल त्यातच गेले.

आता तपासायचं कसं? पाणी शांत असताना, पूर्ण सामान अन् माणसं घेऊन नाव उभी करा, फळीची वरची कड पाण्यापासून किती वर आहे ते मोजा, पाण्याच्या रेषेवर दोन्ही बाजूंना पेंटनं खूण करा. मग परत येताना, रिकामी टाकी अन् मासोळी असताना पुन्हा बघा. वीतभरापेक्षा कमी असेल त मी त्या नावेत जात नाही, लाइफ जॅकेट असलं तरी. सामान हलवून पण वीत भरत नसेल त इंजिनच त्या नावेचं नाही, लहान घ्या, थोडा उशीर होईल.

माझी सध्या वीत अन् दोन बोटं आहे, दोघं जण अन् झिंग्याचा एक क्रेट धरून. तिसरा आला त दुसऱ्या नावेत बसते.