स्वीडनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: दारावरची नावे आणि बर्फावरची नावे

स्वीडनमध्ये आल्यानंतर भाड्याच्या घराची किल्ली हातात पडते, तेव्हा बहुतेकांचे लक्ष खोल्या किती गरम राहतात, कपडे धुण्याची सामायिक खोली कुठे आहे आणि जवळ भाजी कुठे मिळते याकडे असते, आणि ते स्वाभाविकच आहे. माझी विनंती एवढीच आहे की, त्या पहिल्या दिवसांत कधीतरी इमारतीच्या मुख्य दाराच्या आत लावलेल्या नावांच्या पाटीसमोर पाच मिनिटे उभे राहावे. त्या पाटीवर मजल्यानुसार रहिवाशांची आडनावे लिहिलेली असतात. पहिली नावे सहसा नसतात. तुमचे आडनाव त्या पाटीवर आणि घराच्या दारातील पत्रे टाकायच्या झडपेवर लागले आहे की नाही, हे लगेच पाहून घ्या. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेऊ शकतो, आणि या देशात बँकेपासून दवाखान्यापर्यंत बरीच महत्त्वाची कागदपत्रे अजूनही पत्राने येऊ शकतात.

मी स्टॉकहोममध्ये आले त्या हिवाळ्यात आमच्या जिन्यातील पाटीवरची एकही ओळ मला धड वाचता येत नव्हती. ती वाचायला मी शिकले, ते माझ्या मुलीच्या स्केटिंगच्या शाळेमुळे. बर्फावर नाचल्यासारख्या केल्या जाणाऱ्या स्केटिंगला, म्हणजे फिगर स्केटिंगला, इथे ‘कोन्स्तओकनिंग’ म्हणतात, म्हणजे कलेने सरकणे. कठड्याबाहेर उभी राहून मी तिच्या शिक्षिकेचे शब्द कानांत साठवत असे, आणि त्यांपैकी ‘साल्को’ हा शब्द वारंवार येत असे. तो एखादा स्वीडिश क्रियाशब्द असावा असे मला कित्येक दिवस वाटत होते. पुढे कळले की ते एका माणसाचे आडनाव आहे, आणि ते आडनाव मुळात स्वीडिशही नाही.

उलरिक साल्को यांचा जन्म 1877 मध्ये कोपनहेगनला झाला, ते वाढले स्टॉकहोममध्ये आणि स्वीडनसाठी खेळले. 1901 ते 1905 अशी सलग पाच वर्षे, आणि मग 1907 ते 1911 अशी पुन्हा पाच वर्षे, असे एकूण दहा वेळा ते जगज्जेते झाले. 1909 मध्ये त्यांनी जी उडी प्रथम घेतली ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते: एका पायाच्या आतल्या कडेवरून मागे सरकत असताना उडायचे, हवेत पूर्ण फेरी घ्यायची आणि दुसऱ्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, तसेच मागे सरकत, उतरायचे. त्यांच्या आडनावाचे वळण बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, स्लाव मूळ असलेल्या जर्मन गावांच्या नावांचे आहे. स्वीडनचा एवढा मोठा स्केटिंगवीर डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि परक्या वळणाचे आडनाव असलेला होता, हे कळल्यावर मला इथे पहिल्यांदा जरा मोकळे वाटले, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगचा प्रथमच समावेश झाला, आणि पुरुषांच्या स्पर्धेतील तिन्ही पदके स्वीडनला मिळाली. सुवर्ण साल्को यांना, रौप्य रिचर्ड योहान्सन यांना आणि कांस्य पेर तुरेन यांना. स्वीडिश आडनावांचे इतके सोपे पाठ्यपुस्तक मला दुसरे सापडलेले नाही, कारण विजेत्यांच्या चौथऱ्यावर शेजारीशेजारी उभी असलेली ही तीन आडनावे तीन वेगळ्या घराण्यांतली आहेत: एक बाहेरून आलेले, एक बापाच्या नावावरून घडलेले आणि एक शिकल्यासवरल्या माणसांच्या धर्तीवर रचलेले. तुमच्या जिन्यातील पाटीही बहुधा अशीच असेल.

योहान्सन म्हणजे योहानचा मुलगा. स्वीडिश लेखनात त्यात दोन ‘स’ येतात, कारण पहिला ‘स’ षष्ठीचा, म्हणजे आपला ‘चा’, आणि दुसरा ‘सोन’ या मुलगा अर्थाच्या शब्दाचा. शेजारच्या डेन्मार्कमध्ये आणि नॉर्वेमध्ये हाच शेवट ‘सेन’ असा होतो. त्यामुळे पाटीवर ‘सेन’ दिसले तर ते घराणे त्या बाजूचे असण्याचा संभव जास्त. पूर्वी ही आडनावे नव्हतीच. आंदेर्सचा मुलगा लार्स हा लार्स आंदेर्सन, आणि लार्सचा मुलगा पेर हा पेर लार्सन, असे नाव दर पिढीला बदलत असे. मुलीचे नाव ‘दोत्तेर’ने संपत असे, आणि लग्नानंतरही ती आपल्या बापाचीच लेक म्हणून ओळखली जाई, नवऱ्याचे नाव तिला चिकटत नसे. आपण आपल्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो ती रीत यांना परकी नाही, ती त्यांच्याच पणजोबांची रीत होती, हे सहकाऱ्यांना समजावून सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, असा माझा अनुभव आहे. 1901 च्या शासकीय नियमाने प्रत्येक कुटुंबाला कायमचे आडनाव असावे असे ठरले, आणि पिढीगणिक वाहणारी ही नावे जिथल्या तिथे गोठली. तेव्हापासून मुलीसुद्धा योहान्सन, म्हणजे शब्दशः ‘योहानचा मुलगा’, झाल्या. आइसलंडमध्ये मात्र जुनी पद्धत आजही चालू आहे.

तुरेन आणि त्याच्यासारखी ‘एन’ने संपणारी, शेवटच्या अक्षरावर आघात असलेली नावे ही वेगळी गोष्ट आहे. धर्मोपदेशक आणि विद्वान मंडळी आपल्या नावांना लॅटिन किंवा ग्रीक शेपूट जोडत असत. ‘इयुस’, ‘एनियुस’ आणि त्याचे आखूड रूप ‘एन’ ही लॅटिनची, तर ‘आन्दर’ हे ग्रीकमधील माणूस या अर्थाच्या शब्दावरून आलेले. 1898 मध्ये लंडनला जगज्जेतेपद मिळवणारे हेनिंग ग्रेनान्दर यांच्या आडनावात पुढे ‘ग्रेन’ म्हणजे फांदी, आणि मागे ते ग्रीक ‘आन्दर’ आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणारे लिनेयस यांचे आडनावही असेच घडलेले: त्यांच्या वडिलांनी विद्यापीठात जाताना घराजवळच्या एका मोठ्या लिंडन वृक्षावरून ते घेतले.

शहरातल्या व्यापारी आणि कारागीर कुटुंबांनी निसर्गातील दोन शब्द जोडून नावे केली, आणि पाटीवर सर्वांत जास्त गोंधळ उडवतात ती हीच. ‘बॅर्य’ म्हणजे डोंगर, ‘स्ट्रॉम’ म्हणजे प्रवाह, ‘क्विस्त’ म्हणजे डहाळी, ‘लुंद’ म्हणजे राई, ‘दाल’ म्हणजे दरी. असे दहाबारा शब्द पाठ केले की निम्मी पाटी वाचता येते. मात्र दोन्ही भागांचा मिळून अर्थ लावायला जाऊ नये. पुष्कळदा एक भाग गावावरून घेतलेला असतो आणि दुसरा केवळ कानाला गोड लागतो म्हणून जोडलेला असतो. 1914 चे जगज्जेते योस्ता सान्दाल यांच्या आडनावात वाळू आणि दरी आहे. 1920, 1924 आणि 1928 अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारे यिलिस ग्राफस्ट्रॉम यांच्या आडनावात प्रवाह आहे. ग्राफस्ट्रॉम पेशाने वास्तुविशारद होते. 1920 मध्ये अँटवर्पला स्पर्धेच्या वेळी त्यांचा स्केट तुटला, आणि गावातून वळलेल्या टोकाचा जुन्या धाटणीचा स्केट विकत आणून त्यांनी ती स्पर्धा जिंकली, असे सांगतात. त्यांचे जुने फोटो पाहिले की शरीराच्या रेषेवर त्यांची नजर वास्तुविशारदाची होती हे मला पटते.

तोकड्या, एकाच शब्दाच्या आडनावांना पाहून ती टोपणनावे समजू नयेत. ‘रास्क’ म्हणजे चपळ, ‘मूदिग’ म्हणजे धीट, ‘शॉल्द’ म्हणजे ढाल. 1682 पासून स्वीडनमध्ये गावांच्या गटांनी मिळून एकेक शिपाई पोसायचा अशी व्यवस्था होती, आणि एकाच तुकडीत अनेक आंदेर्सन आणि योहान्सन आले की हाक कोणाला मारली हे कळेना, म्हणून शिपायांना अशी आखूड नावे दिली जात. दालार्ना प्रांतात तर वाड्याचे किंवा शेतवाडीचे नाव माणसाच्या नावाच्या आधी लावतात, आणि तिथल्या सहकाऱ्याला आपले ‘कर’ने संपणारे आडनाव समजावून सांगायला एक वाक्य पुरते.

उच्चाराबद्दल थोडे, कारण चुकीच्या उच्चाराने हाक मारली की इथली माणसे बोलून दाखवत नाहीत, पण त्यांना ते जाणवते. रोमन ‘जे’ हे अक्षर इथे सहसा ‘य’ असते, म्हणून योहान्सन. ‘जी’ हे अक्षर ‘इ’, ‘ए’ यांसारख्या मऊ स्वरांच्या आधी ‘य’ होते, म्हणूनच योस्ता, यिलिस, आणि गोथेनबर्ग या शहराचे खरे नाव ‘योतेबोरी’. ‘टी’पुढचा ‘एच’ उच्चारात येत नाही. टिंबे असलेली आणि वर वर्तुळ असलेली तीन अक्षरे ही स्वतंत्र अक्षरे आहेत, ती वर्णमालेच्या अगदी शेवटी येतात, आणि यादीत नाव शोधताना ती शेवटीच शोधावी लागतात. लिहिताना टिंबे गाळू नका; आपण ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांत जसा भेद करतो, तसाच तो भेद आहे.

स्त्रियांची नावेही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. 1920 ला अँटवर्पमध्ये महिलांचे सुवर्णपदक मागदा यूलिन यांनी जिंकले, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांचा जन्म फ्रान्समधील विशी गावचा आणि माहेरचे आडनाव फ्रेंच, मोरुआ. रौप्यपदक मिळाले स्वेआ नूरेन यांना. ‘स्वेआ’ हे नाव स्वीडन देशाचेच स्त्रीरूप आहे. आपल्याकडे भारतमातेचे चित्र काढतात तशी इथे ढाल घेतलेली ‘मूदेर स्वेआ’ दाखवतात. देशाचेच नाव धारण केलेली खेळाडू दुसरी आली आणि विशीत जन्मलेली पहिली, आणि दोघीही स्वीडनच्याच होत्या.

आता तुमच्या स्वतःच्या नावाविषयी. इथे एक वर्ष किंवा अधिक राहायला आलेल्याने कर खात्याकडे लोकसंख्या नोंदणी करायची असते, आणि त्यातूनच व्यक्तिगत क्रमांक मिळतो. पासपोर्टावर ‘नाव’ या रकान्यात तुमच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव लिहिलेले असेल, तर ती दोन्ही तुमची पहिली नावे म्हणून नोंदली जातात. माझे तसेच झाले. एका दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात परिचारिका बाहेर येऊन माझ्या वडिलांचे नाव पुकारत राहिली. तिच्या पुढ्यातल्या यादीत ते ठळक होते, आणि मी खिडकीपाशी बसून माझी पाळी कधी येते याची वाट पाहत होते. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि वडील जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. यावर उपाय साधा आहे. अनेक पहिल्या नावांपैकी हाक मारायचे नाव कोणते, म्हणजे ‘तिल्तालस्नाम्न’, हे कर खात्याला कळवता येते. ते नोंदणीच्या वेळीच कळवावे. पूर्वी इथे ‘मधले नाव’ असाही एक प्रकार होता. 1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या कायद्यानंतर तो नव्याने घेता येत नाही, मात्र दुहेरी आडनाव घेता येते. मुलांची आडनावे ठरवताना हे ध्यानात ठेवा.

हाक मारताना सर्वांना पहिल्या नावानेच, एकेरीत, मारायची असते. वरिष्ठांना, शिक्षकांना, डॉक्टरांनासुद्धा. 1967 मध्ये आरोग्यविषयक शासकीय मंडळाचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी आपण सर्व सहकाऱ्यांना नावानेच हाक मारणार असे जाहीर केले, ती घटना या बदलाची खूण म्हणून सांगितली जाते. ‘ब्रूर’ या शब्दाचा अर्थ भाऊ, आणि ते रीतसर ठेवलेले नाव आहे. आपल्याकडे घरोघरी भाऊ आणि दादा असतात, त्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. तोंडात ‘सर’ आणि ‘मॅडम’ येत राहील, त्याला वेळ द्या.

शेवटी बर्फाचे. शाळेत हिवाळ्यात स्केटिंगचा दिवस असतो, आणि ज्या मुलाला बर्फावर उभे राहता येत नाही ते त्या दिवशी एकटे पडते. म्हणून पहिल्याच हिवाळ्यात मुलांना बर्फावर न्या, आणि स्वतःही उतरा. स्केट्स विकत घेण्याची घाई नको. ‘फ्रीतिद्सबांकेन’ नावाच्या केंद्रांतून खेळाचे साहित्य 14 दिवसांसाठी विनामूल्य मिळते. हेल्मेट मात्र चुकवू नका, मोठ्यांनीही. गोठलेल्या तळ्यावर जाण्याचा मोह सर्वांना होतो. निदान 10 सेंटिमीटर जाडीचा, घट्ट आणि स्वच्छ बर्फ असेल तरच, कधीही एकटे नाही, आणि गळ्यात बर्फात रोवायचे टोचे अडकवून. नदीचे मुख, पुलाखालचे पाणी आणि लव्हाळ्याची कड या ठिकाणी बर्फ फसवा असतो. वसंतात तर जाडी पुरेशी दिसली तरी तो आतून पोखरलेला असतो, आणि तेव्हा तिथे पाऊल टाकायचे नाही.

स्टॉकहोममध्ये असाल तर शेप्सहोल्मेन बेटावरून छोटा पूल ओलांडून कास्तेलहोल्मेनवर जा. तिथे पाण्याच्या काठावर 1882 मध्ये राजघराण्याशी संबंधित स्केटिंग मंडळासाठी बांधलेला मंडप अजून उभा आहे. तिथून चालत कुंगस्त्रेदगोर्देन बागेत या. नोव्हेंबरच्या सुमारास राजाच्या पुतळ्याभोवती स्केटिंगसाठी बर्फाचे मैदान तयार होते, आणि स्केट्स तिथेच भाड्याने मिळतात. पहिल्या दिवशी कठडा धरूनच फिरा, आणि संध्याकाळी सहानंतर जाण्यापेक्षा शनिवारी सकाळी लवकर जा, तेव्हा गर्दी कमी असते.