फोटोशॉपच्या प्रेफरन्सेस: अल्बम डिझाइनच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी काही अनुभव

२०१३ साली सांगलीतल्या एका फोटो स्टुडिओत मी अल्बम डिझायनर म्हणून कामाला लागले, तेव्हा फोटोशॉप हा अडोबी कंपनीचा फोटो सुधारण्याचा प्रोग्राम मला येतो अशी माझी ठाम समजूत होती. लेयर (चित्राचे एकावर एक थर), मास्क (थराचा हवा तो भाग झाकणे), कर्व्हज (उजेड-अंधार जुळवणे) हे सगळे क्लासमध्ये शिकून झाले होते. ‘प्रेफरन्सेस’ नावाची एक खिडकी त्या प्रोग्राममध्ये आहे आणि कंट्रोल व के ही बटणे एकत्र दाबली की ती उघडते, एवढेच तिच्याविषयी ठाऊक होते. ती उघडून काय करायचे, हे क्लासमध्ये कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. पुढच्या काही वर्षांत जितकी कामे बिघडली, त्यांतली निम्मी तरी डिझाइन चुकले म्हणून नव्हे, तर त्या खिडकीतले, प्रोग्रामने कसे चालावे हे ठरवणारे काहीतरी कामाशी जुळत नव्हते म्हणून बिघडली. नवखे लोक या खिडकीकडे एक तर फिरकतच नाहीत, नाही तर कुणाचे तरी ऐकून एका बैठकीत तिथले वीस पर्याय बदलून मोकळे होतात. मी दोन्ही करून पाहिले आहे.

पहिला धडा स्मरणशक्तीचा, म्हणजे संगणकाच्या. आमच्याकडे अल्बमची शीट १२ × ३६ इंचांची असे. तीनशे पीपीआयने, म्हणजे एका इंचात तीनशे पिक्सेल धरून, हिशेब केला तर ती ३६०० × १०८०० पिक्सेलची, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेलची होते. आठ बिट आरजीबीमध्ये (लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला एक बाइट) प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात, त्यामुळे एकही फोटो न टाकता नुसता पांढरा बॅकग्राउंडच सुमारे १११ एमबी होतो. त्यावर शीटभर पसरलेला प्रत्येक नवा लेयर आपली भर घालतो. फाइल डिस्कवर लहान दिसली तरी उघडल्यावर ती किती जागा खाते हा वेगळा विषय आहे, आणि हा फरक लक्षात न आल्यामुळे ‘फाइल तर दोनशे एमबीची आहे, मग मशीन हँग का होते?’ हा प्रश्न मी पहिल्या महिन्यात रोज विचारत होते.

त्यावर स्टुडिओच्या मालकांनी स्वतःच एक उपाय केला होता. परफॉर्मन्स या भागात फोटोशॉपने किती रॅम वापरावी हे ठरवणारी एक पट्टी असते, ती त्यांनी ओढून थेट शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवली होती. जास्त दिले की जास्त वेगाने चालेल, हा विचार वरवर बरोबर वाटतो. पण आठ जीबी रॅमच्या मशीनमध्ये सगळी रॅम फोटोशॉपच्या वाट्याला गेली, की विंडोज, फोटो पाहण्याचा प्रोग्राम आणि पेन ड्राइव्ह तपासणारा अँटीव्हायरस यांनी जायचे कुठे? मग सगळेच एकमेकांची वाट पाहत बसतात. ही पट्टी ८५ टक्क्यांच्या वर नेऊ नये, असे अडोबीचेच सांगणे आहे. मी ती सत्तरच्या आसपास ठेवते आणि शीटवर काम करताना ब्राउझर बंद ठेवते. दुसऱ्या गोष्टीचा उपयोग पहिलीपेक्षाही जास्त होतो.

रॅम पुरेनाशी झाली की फोटोशॉप डिस्कवर तात्पुरती जागा घेते आणि तिला स्क्रॅच डिस्क म्हणतात. ती मुळात सी ड्राइव्हवर असते, जिथे विंडोज असते आणि स्टुडिओच्या मशीनवर डेस्कटॉपवर टाकून ठेवलेले चार लग्नांचे फोटोही असतात. एका लग्नसराईत, शीट पूर्ण होत आली असताना ‘स्क्रॅच डिस्क भरल्या आहेत’ असा संदेश आला आणि सेव्हसुद्धा होईना. आमच्याकडच्या ज्येष्ठ डिझायनरांना सगळे मामा म्हणत. ते उठून आले, डेस्कटॉपवरचे दोन फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले, जागा झाली, सेव्ह झाले. मग त्यांनी मला स्क्रॅच डिस्कची यादी दाखवली आणि सी वरची खूण काढून ज्या ड्राइव्हवर भरपूर मोकळी जागा होती त्यावर खूण करायला लावली. असा बदल प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडल्यावर लागू होतो. जागेअभावी फोटोशॉप उघडतच नसेल, तर ते सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरावे, म्हणजे स्क्रॅच डिस्क निवडण्याची खिडकी आधी येते. आता जिथे एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क आहे तिथे स्क्रॅचसाठी तीच निवडावी, मात्र तिच्यावर मोकळी जागा राखून ठेवण्याची शिस्त हवी.

परफॉर्मन्सच्याच भागात हिस्टरी स्टेट्स हा आकडा असतो, म्हणजे आपण किती पावले मागे जाऊ शकतो तो. जुन्या आवृत्त्यांत तो २० असे, नंतर ५० झाला, आणि वाढवून १००० पर्यंत नेता येतो. नवरीच्या गालावरचे डाग स्पॉट हीलिंग ब्रशने काढताना प्रत्येक टिचकी हे एक पाऊल असते, त्यामुळे वीस पावले अर्ध्या गालातच संपतात आणि कपाळावर पोचल्यावर लक्षात येते की गाल जास्तच गुळगुळीत झाला आहे. म्हणून मी उत्साहात तो आकडा पाचशे केला आणि मशीन पुन्हा गोगलगाय झाले. कारण असे की ब्रशच्या छोट्या फटकाऱ्याची नोंद थोडक्यात भागते, पण पूर्ण चित्रावर ब्लर किंवा कर्व्हज लावला की जवळजवळ सगळ्या चित्राची जुनी प्रत जपून ठेवावी लागते. आता माझ्याकडे हा आकडा साठ आहे, आणि चेहऱ्याचे काम सुरू करण्यापूर्वी हिस्टरी पॅनेलमधून एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या चित्राची नोंद, घेऊन ठेवायची सवय आहे. शक्य तिथे डाग काढण्याचे काम वेगळ्या रिकाम्या लेयरवर करावे, म्हणजे मागे जाण्याची वेळच सहसा येत नाही.

फाइल हँडलिंगमध्ये एकच गोष्ट तातडीची आहे. सीएस६ या आवृत्तीपासून फोटोशॉप ठरावीक वेळाने पुनर्प्राप्तीची माहिती आपोआप लिहून ठेवते आणि हा वेळ मुळात दहा मिनिटांचा असतो. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसे आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली होती, म्हणून मी तो पाच मिनिटांवर आणला. याचा अर्थ कंट्रोल-एस विसरावे असा नाही; ही माहिती अपघातानंतर फाइल परत मिळावी एवढ्यासाठीच असते, आणि आपण स्वतः ‘नको’ म्हणून फाइल बंद केली तर ती मदतीला येत नाही. तिथेच कम्पॅटिबिलिटीविषयीचा एक पर्याय आहे, ज्यामुळे पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल, थोडी मोठी होते. पण त्या फाइल लाइटरूम या फोटो सांभाळण्याच्या प्रोग्राममध्ये पाहायच्या असतील तर तो चालू ठेवावा.

रंगांच्या बाबतीतला माझा अपघात मात्र महाग पडला. रंगांची मांडणी मुख्य प्रेफरन्सेसमध्ये नसून कलर सेटिंग्ज या वेगळ्या खिडकीत असते. कंट्रोल, शिफ्ट आणि के दाबली की ती उघडते. ‘व्यावसायिक लोक अडोबी आरजीबी वापरतात’ असे कुठेतरी ऐकून मी माझ्या मशीनवर वर्किंग स्पेस, म्हणजे रंगांचे आकडे ज्या मापाने वाचायचे ते माप, बदलली. ऐकलेले खोटे नव्हते. अडोबी आरजीबीचा रंगविस्तार एसआरजीबी या सर्वसाधारण मापापेक्षा मोठा आहे, विशेषतः हिरव्या आणि निळसर हिरव्या रंगांत. पण आमची प्रिंटिंग लॅब जेपेग एसआरजीबीतच मागत होती, आणि मी तर सेव्ह करताना प्रोफाइल (आकडे कोणत्या मापाचे आहेत हे सांगणारी माहिती) जोडण्याची खूणही काढून टाकली होती. परिणाम असा झाला, की अडोबी आरजीबीच्या हिशेबाने लिहिलेले आकडे लॅबच्या मशीनने एसआरजीबी समजून वाचले. छापून आलेल्या अल्बममध्ये हळदीच्या विधीतली हळद मातकट झाली होती, हिरव्या चुड्याची चमक गेली होती आणि सगळ्या वऱ्हाडाचे चेहरे आजारी माणसासारखे दिसत होते. माझ्या पडद्यावर तीच शीट टवटवीत दिसत असल्यामुळे दोष लॅबचा आहे असे मी दोन दिवस सांगत राहिले. शेवटी बारा शीट पुन्हा छापाव्या लागल्या, आणि त्यांचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले नाहीत हे मालकांचे उपकार.

तेव्हापासून माझी मांडणी साधी आहे. वर्किंग स्पेस एसआरजीबी ठेवायची, बाहेरून आलेल्या फाइलचे प्रोफाइल जसेच्या तसे राखायचे, आणि प्रोफाइल जुळत नसेल किंवा मुळीच नसेल तर फाइल उघडताना प्रोग्रामने विचारावे या दोन्ही खुणा चालू ठेवायच्या. दरवेळी खिडकी येते म्हणून कंटाळून त्या खुणा काढणारे पुष्कळ आहेत. पण एका लग्नाचे फोटो तीन छायाचित्रकारांच्या तीन कॅमेऱ्यांतून येतात, तेव्हा कोणाचा कॅमेरा कशावर लावला होता हे ती कंटाळवाणी खिडकीच सांगते.

याच संदर्भात इंटरफेसच्या रंगाचाही विचार करावा. जवळजवळ काळी पार्श्वभूमी रुबाबदार दिसते खरी, पण तिच्यापुढे फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, आपण तो आणखी थोडा दाबतो आणि कागदावर तो अंधारलेला येतो. मी मध्यम करडा रंग ठेवते. रुलरची एकके बदलायला तर प्रेफरन्सेसमध्ये जाण्याचीही गरज नाही, रुलरवर उजवे क्लिक केले की झाले. अल्बम इंचांत आणि पासपोर्ट फोटो ३५ × ४५ मिलिमीटरमध्ये, असा दोन्हींकडचा प्रवास दिवसातून दहा वेळा करावा लागतो, म्हणून आकडा टाइप करण्यापूर्वी त्याच्यापुढचे एकक वाचण्याची सवय लावून घ्यावी.

मराठी मजकुराची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण बाहेरच्या शिकवण्यांमध्ये ती सापडत नाही. आमच्या पिढीतले बहुतेक डिझायनर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर वाढले. त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक तुकडा स्वतंत्र अक्षर म्हणून बसवलेला असल्यामुळे फोटोशॉपला देवनागरी कळण्याची गरजच नव्हती. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत) फॉन्ट वापरायला लागल्यावर मात्र पहिल्याच शीटवर ‘चि.’ मधली वेलांटी च च्या आधी येण्याऐवजी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि ‘शुभाशीर्वाद’ मधला रफार व च्या डोक्यावर चढण्याऐवजी पाय मोडक्या र च्या रूपात खालीच राहिला. फॉन्ट खराब आहे असे समजून मी चार फॉन्ट बदलले. दोष फॉन्टचा नव्हता. त्या काळच्या सीसी (क्रिएटिव्ह क्लाउड) आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप या भागात मजकुराचे इंजिन, म्हणजे अक्षरे जुळवणारा भाग, निवडण्याची सोय होती, आणि तिथे ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडून प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावर नव्या फाइलमध्ये जोडाक्षरे नीट जुळू लागली. आधीच टाइप केलेल्या लेयरसाठी पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतला ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्यायही तपासावा. अलीकडच्या आवृत्त्यांत एकच इंजिन सगळ्या लिप्या सांभाळते, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे; तरी जुन्या मशीनवर काम करणाऱ्याने मजकूर इमेज म्हणून दुसरीकडून चिकटवण्याचा आडमार्ग धरण्यापूर्वी हे पाहावे. पत्रिकेतले आजोबांचे नाव चुकीचे छापले गेले, तर फोटो कितीही सुंदर असला तरी त्या घरात अल्बमचे स्वागत होत नाही.

काही तक्रारी प्रेफरन्सेसच्या वाटतात, पण नसतात. ब्रशचा गोल नाहीसा होऊन त्याजागी अधिकचे बारीक चिन्ह आले म्हणून मी एकदा कर्सर्सच्या भागातले सगळे पर्याय उलटेपालटे केले. मामा चहा घेत मागे उभे होते. “अगं, आधी कॅप्स लॉक बघ,” एवढेच ते म्हणाले. कॅप्स लॉक चालू असला की ब्रशचा आकार दिसत नाही, फक्त मध्यबिंदू दिसतो. एखादेच टूल विचित्र वागत असेल, तर वरच्या पट्टीतल्या त्याच्या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘रिसेट टूल’ करावे, संपूर्ण मांडणीला हात लावू नये. याउलट काही बदल खरोखरच प्रोग्रामने केलेले असतात. ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून फ्री ट्रान्सफॉर्म करताना फोटोचे प्रमाण शिफ्ट न दाबताच राखले जाऊ लागले आणि शिफ्ट दाबल्यावर उलट मोडू लागले, आणि वर्षानुवर्षे शिफ्ट दाबणाऱ्या आमच्या हातांनी पहिल्या आठवड्यात कित्येक नवरदेव लांबट करून ठेवले. पुढे जुनी रीत परत आणणारा पर्याय जनरल या भागात आला. नव्याने शिकणाऱ्यांनी तो वापरू नये, असे माझे मत आहे; आम्हा जुन्यांची सवय तुम्ही कशाला उचलायची?

सगळेच बिघडले, तर फोटोशॉप सुरू करताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबून धरावे आणि सेटिंग्जची फाइल काढून टाकण्याच्या प्रश्नाला होकार द्यावा. प्रोग्राम मूळ स्थितीत उघडतो. त्याआधी स्वतः तयार केलेल्या अ‍ॅक्शन्स आणि ब्रश दुसऱ्या ड्राइव्हवर सेव्ह करून ठेवावेत, कारण ‘जातील का राहतील’ हे घाईच्या दिवशी पाहण्यात अर्थ नाही. आणखी एक बारकावा असा की केलेले बदल फोटोशॉप नीट बंद होताना कायमचे लिहिले जातात. तासभर बसून मांडणी केली आणि त्यानंतर प्रोग्राम क्रॅश झाला, तर तो तास पुन्हा घालवावा लागतो.

मामांनी मला एक दोनशे पानी वही आणायला लावली होती. तारीख, कोणता पर्याय, आधी काय होते, आता काय केले आणि का, एवढे एका ओळीत लिहायचे आणि एका दिवशी एकच बदल करायचा, असा त्यांचा दंडक होता. ती वही अजून टेबलाच्या खणात आहे. नवे मशीन आले की मी ती उघडते, रॅम, स्क्रॅच डिस्क, रंग आणि मजकूर या क्रमाने ओळी वाचत जाते, फोटोशॉप एकदा बंद करून पुन्हा सुरू करते आणि १२ × ३६ ची रिकामी शीट घेऊन तिच्यावर ‘शुभाशीर्वाद’ टाइप करते. रफार जागेवर बसला, की मगच कार्ड रीडर जोडते.