साइटवरचा माणूस आतून खचलाय असं वाटलं तर काय करायचं

घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे टॉवर चढतायत, त्यातल्या एका साइटवर मी टाइमकीपर आहे. गेटवर हजेरी घेते, ओव्हरटाइम मांडते, शनिवारी कोणाला किती खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) गेली आणि कोणाची किती उचल झाली ते वहीत चढवते. हे लिहितेय मुकादम, सुपरवायझर आणि मिस्त्रींसाठी. साइटवर मानसोपचाराचा डॉक्टर नसतो, आपण असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या आहेत आणि त्यातले ४२,००४ जण रोजंदारीवर जगणारे होते. ते सगळे बांधकामावरचे नव्हते, पण आपल्या गेटवर रोज अंगठा लावणारा माणूसही रोजंदारीवरचाच आहे.

आधी हजेरीची वही नीट बघत जा. कधी खाडा न करणारा माणूस अधूनमधून गायब व्हायला लागतो. कोणी रोज रात्री ओव्हरटाइम मागतो, कारण त्याला खोलीवर जायचंच नसतं. कोणाची उचल एकदम वाढते. सण नाही, गावी जायचं नाही आणि तरी कोणी सगळा हिशोब आत्ताच मिटवून मागतो. वहीत न दिसणारं खोलीतल्या साथीदारांना विचारा: जेवतो का, झोपतो का, घरचा फोन उचलतो का. बारीकसारीक देणी फेडून टाकणं, मोबाइल किंवा सामान वाटून टाकणं, ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास’ असं बोलणं, परांचीवर बेल्टचा हुक न अडकवता बेफिकीर वावरणं, यातलं काही कानावर आलं तर त्याच दिवशी बोला. आणि बरेच दिवस घुसमटलेला माणूस अचानक शांत, हलका दिसायला लागला तर ‘सुटला बिचारा’ म्हणून निर्धास्त होऊ नका.

बोलायचं ते एकट्याशी. ऑफिसात बोलावलं की त्याला वाटतं, कामावरून काढतायत. टोळीसमोर विचारलं तर तो हसून उडवून लावेल. जेवणाच्या सुट्टीत स्टील यार्डच्या बाजूला सावलीत बसा आणि दिसलं तेवढंच सांगा: ‘दोन दिवस डबा तसाच परत जातोय, काय झालंय?’ मग गप्प राहा. परभणीकडचा एक सेंटरिंगवाला (स्लॅबचे साचे बांधणारा) मला आधी म्हणाला, ‘काही नाही मॅडम, ऊन लागलं.’ मी उठले नाही. थोड्या वेळानं बहिणीच्या लग्नाचं कर्ज निघालं, मग ठेकेदाराकडे अडकलेला हिशोब निघाला, मग रात्री झोप येत नाही तेही निघालं. तेव्हा सरळ विचारलं, ‘जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का?’ तो ‘हो’ म्हणाला आणि रडला.

हा प्रश्न विचारायला सगळे घाबरतात, आपणच त्याच्या डोक्यात घालू असं वाटतं. तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की विचारल्यानं कोणी त्या वाटेला लागत नाही, उलट बोलायला जागा मिळते. बिहार-झारखंडचा गडी असेल तर ‘मरने का खयाल आता है क्या?’ असं त्याच्या भाषेत विचारा. ‘बायकापोरांकडे बघ’, ‘मर्द आहेस ना’, ‘एवढ्याशा गोष्टीला काय’, ‘शपथ घे’ यातलं काहीही म्हणू नका. तो आधीच स्वतःला नालायक समजतोय.

उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. संडासला गेला तरी कोणीतरी बाहेर उभं राहील. उंचीवरचं काम त्या क्षणापासून बंद, खाली स्टोअरला किंवा यार्डात हलकं काम द्या. १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठी-हिंदीत बोलता येतं. फोन तुम्ही लावून द्या, मग त्याला बोलू द्या. त्यानं आधीच स्वतःला इजा केली असेल तर वेळ न घालवता १०८ ला रुग्णवाहिका मागवा.

पोलीस केस होईल या भीतीनं साइटवाले प्रकरण दाबतात, ते करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे आणि ‘याला ठाण्याला न्या’ ही चेष्टा आपल्याकडे सगळ्यांना पाठ. म्हणून माणूस तिथं यायला कचरतो. त्याला आधीच सांगा की ओपीडीत दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या आणि परत यायचं. तिथं नकोच म्हणाला तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईच्या साइटवाल्यांना वाशीचं महापालिका रुग्णालय जवळ पडतं. सोबत त्याच्या खोलीतला, विश्वासाचा माणूस द्या. आणि दोघांची हजेरी लावा! दिवस बुडणार असेल तर तो जाणारच नाही. यावर मी ठेकेदारांशी भांडते आणि भांडत राहणार.

पैशाचं मिटवल्याशिवाय नुसत्या धीराच्या शब्दांनी भागत नाही. त्याच्यासमोर बसून हजेरी, खर्ची, उचल कागदावर मांडा, किती येणं आहे तो आकडा त्याच्या हातात द्या आणि ठेकेदाराकडून तारीख लिहून घ्या. पुष्कळदा डोक्यातलं कर्ज कागदावर बरंच लहान निघतं. वर्षात ९० दिवस काम भरलं असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी करून द्या, मुलांच्या शिक्षणासाठी आणि उपचारासाठी मंडळाच्या योजना आहेत.

१४४१६ चा कागद गेटवरच्या फलकावर लावून उपयोग नाही, चारचौघांत कोणी नंबर उतरवून घेत नाही. आम्ही तो लेबर कॅम्पच्या संडासांच्या दारांना आतून लावलाय. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षेच्या बोलण्यात, हेल्मेट-बेल्टबरोबर एक वाक्य त्याचंही बोला.

गोळ्या सुरू झाल्या की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून माणूस त्या सोडतो, किंवा खर्चीच्या संध्याकाळी वरून दारू घेतो. साथीदाराला हे समजावून सांगा, गोळ्यांची पाकिटं साथीदाराकडेच ठेवायला द्या, आणि पुढच्या ओपीडीची तारीख हजेरीच्या वहीत आजच लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी त्याला कोणी स्लॅबवर चढवणार नाही.