हल्ल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत बातमी कशी वाचावी

गोळीबार किंवा स्फोट झाला की टीव्हीवर लाल पट्टी धावू लागते. त्या घटकेला बातमीदाराच्या हाती फार थोडे असते, पण प्रक्षेपण थांबत नाही. मग कानावर येईल ते सांगितले जाते.

आधी वाक्याचा शेवट पाहा. ‘अटक झाली’ आणि ‘अटक झाल्याचे समजते’ यांत मोठे अंतर आहे. मग विचारा : हे कोण सांगतो आहे, आणि त्याला कसे कळले? बोस्टन मॅरेथॉनमध्ये १५ एप्रिल २०१३ रोजी स्फोट झाले. १७ तारखेला सीएनएनसह अनेक बड्या माध्यमांनी सूत्रांच्या हवाल्याने संशयिताला अटक झाल्याचे सांगितले. त्याच दुपारी एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने ते नाकारले. खरी अटक झाली १९ तारखेच्या रात्री. तेव्हा चार वाहिन्या एकच गोष्ट सांगताहेत म्हणून ती पक्की मानू नका. चौघींचे सूत्र एकच असू शकते.

हल्लेखोराचे नाव आले की सगळ्यात जास्त थांबा. १४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेतील गोळीबारानंतर कितीतरी वाहिन्यांनी हल्लेखोर म्हणून त्याच्या भावाचेच नाव सांगितले. ही चूक तपास यंत्रणेतल्या सूत्राकडूनच आली होती. तो भाऊ जिवंत, निर्दोष, आणि त्याचा फोटो जगभर फिरत होता. २९ जुलै २०२४ रोजी इंग्लंडमधल्या साउथपोर्टच्या चाकूहल्ल्यानंतर तर एक संपूर्ण खोटे नाव पसरले. पोलिसांनी ते चुकीचे असल्याचे सांगितले, तरी दंगली उसळल्या. म्हणून अधिकाऱ्याने स्वतःच्या नावानिशी जाहीर करेपर्यंत संशयिताचे नाव, धर्म, देश यांतले काहीही पुढे पाठवू नका. एवढे एक पाळले तरी फार झाले.

‘दुसरा हल्लेखोर’ ही बातमी जवळपास दर वेळी येते. आवाज इमारतींवर आदळून घुमतो, साध्या वेशातले पोलीस बंदुका घेऊन धावतात, घाबरलेले लोक वेगवेगळ्या ठिकाणांहून फोन करतात. लास व्हेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ रोजी अनेक हॉटेलांत गोळीबार चालू असल्याचे बोलले गेले. हल्लेखोर एकटा होता. मात्र तुम्ही त्याच भागात असाल तर पोलिसांची सूचना पाळा. तिथे खातरजमा करत बसू नका.

मृतांचा आकडा वेळेसह वाचा. तो कमीही होतो : मार्च २०१६ मधल्या ब्रसेल्स हल्ल्यांनंतर ३५ चा आकडा ३२ वर आला, कारण काही नावे दोन याद्यांत होती.

फोटो जुना तर नाही ना, हे इंटरनेटवर तोच फोटो शोधून पाहा.

चुकीचे काही पाठवून बसला असाल, तर नुसते पुसू नका, कारण ते एव्हाना पुढे गेलेले असते. त्याच ग्रुपवर लिहा : ‘मघाशी पाठवलेले नाव चुकीचे होते, ज्यांना पाठवले असेल त्यांनाही कळवा.’ ते चुकीचे नाव मात्र पुन्हा लिहू नका.