वांग्याचं गणगोत कसं ओळखावं

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी ३१ वर्षं लॅब अटेंडंट होतो. शिकवणं माझं काम नव्हतं. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सर चिठ्ठी द्यायचे आणि मी सायकलवर पोतं टाकून फुलं आणायला निघायचो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी चिठ्ठी आली: 'धोतरा, २५ फांद्या, फुलांसकट.' आमच्या सोलापुरात होटगी रोडच्या कडेला पिवळा धोतरा रग्गड. हाताची चाळण करून घेत पोतं भरलं. सकाळी सरांनी एक फांदी मोडली, पिवळाधमक चीक आला, आणि ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. पिवळा धोतरा हा धोतराच नव्हे, तो अफूच्या कुळातला! परीक्षेला दोन तास उरलेले. जवळच्या बाळे गावातल्या एका मळ्यात जाऊन मळेवाल्या अण्णांच्या पाया पडलो, खऱ्या धोतऱ्याच्याच कुळातल्या वांग्याची फुलं आणली, तेव्हा निभावलं.

नावावर गेलो म्हणून फसलो. त्यानंतर मी झाडाला नाव विचारायचं सोडलं आणि टोपी बघायला लागलो.

टोपी म्हणजे वांग्याच्या देठाशी असते ती हिरवी, काटेरी. भरली वांगी करताना आपण ती मुद्दाम ठेवतो. पुस्तकात तिला निदलपुंज म्हणतात. कळी असताना ती फुलाचं पांघरूण असते. पुष्कळ झाडांत फूल उमललं की ते पांघरूण गळून जातं. पिवळ्या धोतऱ्यात नेमकं तसंच होतं. वांग्याच्या कुळात मात्र ते फळाला धरून राहतं. टोमॅटोवरची हिरवी चांदणी तीच, मिरचीच्या देठाखालची वाटी तीच. खऱ्या धोतऱ्याची नळीसारखी लांब टोपी वरून तुटून पडते, पण बूड राहतं आणि काटेरी बोंडाखाली झालरीसारखं पसरतं. ती झालर एकदा नीट बघा, मग पिवळ्या धोतऱ्याच्या काटेरी बोंडाला पुन्हा फसणार नाही.

चिरबोटीत तर टोपी फळापेक्षा मोठी होते. पावसाळ्यात बांधावर हिचे हिरवे कंदील लोंबतात. कंदील फोडला की आत गोटीएवढं फळ. माझी नात कपाळफोडीचा फुगा घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, चिरबोटी!" दोन्ही शेजारी ठेवून फोडले. कपाळफोडीच्या फुग्यात तीन कप्पे, प्रत्येकात एक काळी बी, बीवर पांढरा बदामाचा ठिपका. तिथे फुगा हेच फळ आहे. चिरबोटीचा फुगा म्हणजे टोपी. शिवाय कपाळफोडीला वेलीचे ताणे असतात. पोरीला हे एका मिनिटात कळलं, मला सहा महिने लागले होते.

टोपी कुठल्या टोकाला आहे तेही बघा. आपल्या डाळिंबाचा मुकुट हीसुद्धा टोपीच, पण ती फळाच्या शेंड्यावर. वांगी कुळात ती देठाकडेच असते. आणि टोपी टिकली म्हणजे काम झालं असंही नाही. तुळशीच्या मंजिरीतही ती टिकते. पण तुळशीचं खोड चौकोनी, फूल दोन ओठांचं, आणि टोपीत जास्तीत जास्त चार दाणे. म्हणून पुढे फूल बघावं लागतं.

वांग्याचं, नाहीतर भुईरिंगणीचं ताजं फूल घ्या. दहापट दाखवणारं भिंग आणि दाढीचं अर्धं ब्लेड एवढंच लागतं. पाकळ्या पाच, पण सुट्या नाहीत, बुडाशी जोडलेल्या. ओढलं तर सगळं फूल एका तुकड्यात निघतं. त्या तुकड्यालाच आतून पाच पुंकेसर चिकटलेले असतात. (मळ्यातल्या टोमॅटो-मिरचीत कधी सहा-सात निघतात, तेव्हा एकाच फुलावर निकाल देऊ नका.) मधोमध पिवळा सुळका दिसतो तो परागकोशांचा. भिंग लावून त्याचा शेंडा बघा: प्रत्येक परागकोशाच्या टोकाला दोन बारीक भोकं. मिठाच्या डबीसारखी. भुंगा येतो, सुळक्याला मिठी मारतो, पंख न हलवता अंग थरथरवतो आणि पराग भुरभुरतो. मळ्यात सकाळी तो गुरगुराट ऐकू येतो. मिरचीत हा प्रकार नाही. तिचे निळसर परागकोश सुटे असतात आणि लांबीत उकलतात.

आणखी एक खूण, जी विद्यार्थी हमखास चुकवायचे. बहुतेक झाडांत फूल पानाच्या बगलेतून निघतं. वांगी, रिंगणी, कामोणी यांत फुलांचा देठ बगल सोडून खोडावर मध्येच फुटल्यासारखा दिसतो.

आता फळ आडवं कापा. कामोणीचं काळं फळ चालेल, गावठी बारका टोमॅटोही. दोन कप्पे, मधला गर फुगलेला आणि त्यावर ढीगभर चपट्या बिया. मोठ्या टोमॅटोवर शिकू नका, त्यात कप्पे वाढवून ठेवलेत. या बियांच्या संख्येवरच बेशरम बाजूला पडते. तळ्याकाठी तिची भोंग्यासारखी गुलाबी फुलं बघून धोतऱ्याची आठवण येते, आणि तिचं कुळ खरंच जवळचं आहे. पण पान तोडलं की पांढरा चीक येतो, आणि बोंडात मोजून चार केसाळ बिया. वांगी कुळात चीक नाही.

सरावाला सोलापुरात लांब जायला नको. मुरमाड पडीक जागेत भुईरिंगणी जमिनीला चिकटून असते, पिवळ्या काट्यांची. कच्च्या फळावर हिरवे-पांढरे पट्टे, पिकलं की पिवळं. आस्कंदाची, म्हणजे अश्वगंधेची, फुलं हिरवट, बारकी, पानाच्या बगलेत घोळक्याने. फळ लाल आणि चिरबोटीसारखंच कागदी टोपीत. शेजारच्या दारातली रातराणीसुद्धा याच गोतातली, आणि तंबाखूही.

चव घेऊन मात्र कधीच ओळखू नका. कामोणीची कच्ची फळं आणि बटाट्याच्या झाडाला येणारी हिरवी फळं विषारी असतात. धोतऱ्याची बी तर मिरचीच्या बीसारखी दिसते. याच सारखेपणामुळे विषबाधेच्या तपासात दोन्ही वेगळ्या ओळखायला शिकवतात. मिरचीची बी फिकट पिवळी, गुळगुळीत. धोतऱ्याची तपकिरी, जराशी मोठी, कानाच्या आकाराची, अंगावर खळगे आणि कडेला दुहेरी धार. भिंगाखाली शेजारी ठेवा, लगेच कळतं. धोतरा हाताळल्यावर हात साबणाने धुवा. एकदा मी तसाच डोळा चोळला. त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि दुसऱ्या दिवशीही पेपर वाचता येईना.

फांदी आणाल तर फूल आणि फळ दोन्ही असलेली आणा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. भाजीच्या पिशवीत नको. आमच्या घरी त्यावरून एकदा अख्खी मेथी फेकली गेली आहे.