४३६ रुपयांची कटकट

आईचं पासबुक छापून आणलं तेव्हा मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये गेलेले दिसले. मागच्या वर्षीही तेवढेच. आई म्हणाली, "मी कशावरच सही केली नाही रे."

४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वार्षिक हप्ता. २०२२ च्या जूनपूर्वी तो ३३० होता. योजना वाईट नाही, दोन लाखांचं संरक्षण मिळतं. पण ती ऐच्छिक आहे, खातेदाराच्या संमतीशिवाय पैसे कापता येत नाहीत. शाखेत विचारलं तर साहेब म्हणाले, "सगळ्यांचेच जातात." (हे उत्तर ऐकून माझं डोकंच फिरलं.)

मग तोंडी बोलणं सोडलं. साधा अर्ज लिहिला: संमतीच्या अर्जाची सहीसकट प्रत द्या, नसेल तर दोन्ही वर्षांची रक्कम परत करा आणि पुढची कपात बंद करा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. शिक्का मारायला काउंटरवर बरीच का-कू झाली, पण मी हललो नाही.

तीस दिवस उत्तर नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. फी नाही, वकील लागत नाही. पोच आणि पासबुकाच्या पानाचा फोटो जोडला.

थोड्याच दिवसांत शाखेतूनच फोन आला, अगदी गोड आवाजात. ८७२ रुपये खात्यात जमा झाले. संमतीचा अर्ज मात्र शेवटपर्यंत कोणी दाखवला नाही.