जर्मनीत नवी नोकरी, नवा लॅपटॉप

म्युनिकला येऊन मला बारा वर्षं झाली. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर नवीन मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणा जुन्या माणसाची ‘.बॅशआरसी’ (टर्मिनलच्या सेटिंग्जची) फाईल मागून घेऊन न वाचता चिकटवतात. आपली माणसं मदत मनापासून करतात, पण त्या फाईलमध्ये त्यांचे दहा वर्षांचे तोडगे साचलेले असतात. मग प्रोग्राम तुमच्याकडे का चालतो, हेच कळेनासं होतं.

गिट, एडिटर वगैरे तुम्ही टाकालच.

कमांड-लाइन प्रोग्रामच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून चालवायच्या प्रोग्रामच्या, टेस्ट स्वतःच्या खऱ्या होम फोल्डरवर कधीही चालवू नका. माझ्या टेस्टच्या शेवटी सफाईची ओळ होती: ‘आरएम -आरएफ’ (न विचारता सगळं पुसणारी कमांड), पुढे फोल्डरचं नाव ठेवणारं व्हेरिएबल, मग ‘/*’ (त्यातलं सगळं). एके दिवशी व्हेरिएबल रिकामं राहिलं. नुसत्या ‘/’ला, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळाला, लिनक्सचं आरएम नकार देतं, पण ‘/*’ शेलच (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आधी एकेका फोल्डरच्या नावात उलगडतो, त्यामुळे आरएमला धोका दिसतच नाही. ‘बिन’, ‘बूट’ ही सिस्टीमची फोल्डरं पुसायची मला परवानगी नव्हती, ते वाचले. ‘होम’ माझंच होतं. पदवीची प्रमाणपत्रं, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, पगारपत्रकं, सगळे स्कॅन गेले. बॅकअप नव्हता. राहण्याच्या परवान्याची भेट चुकली, पुढची तारीख मिळायला दोन महिने लागले. पत्नीचं येणं तेवढं लांबलं.

म्हणून टेस्ट कंटेनरमध्ये (बाकी लॅपटॉपपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) चालवा, डॉकर किंवा पॉडमन कुठलाही, आणि त्यात फक्त प्रोजेक्टचं फोल्डर जोडा. प्रत्येक टेस्टला ‘एमकेटेम्प -डी’ने नवं तात्पुरतं फोल्डर द्या, होम फोल्डर कुठे आहे हे सांगणारं ‘होम’ व्हेरिएबलही तिथेच वळवा. स्क्रिप्टमध्ये ‘सेट -यू’ लिहिलं की काम झालं असं समजू नका. ते न ठरवलेलं व्हेरिएबल पकडतं, रिकामं नाही. रिकामं पकडायला महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावानंतर ‘:?’ लिहा. पुन्हा सांगतो, ‘:?’ लिहा.

लॅपटॉप जर्मन लोकेलवर (भाषा-देशाच्या सेटिंगवर) असेल तर दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम येतो, 3.50 चं 3,50 होतं. पुण्यात पास झालेली टेस्ट इथे पडते. टेस्टमध्ये लोकेल ठरवणारं ‘एलसी_ऑल’ हे व्हेरिएबल ‘सी’ (कुठल्याच देशाचं नसलेलं साधं लोकेल) ठेवा, पण एक फेरी मुद्दाम जर्मन लोकेलवरही करा, कारण वापरणारे इथलेच आहेत.

मॅक मिळाला तर त्यातला बॅश हा शेल अजून जुना, 3.2 आवृत्तीचा आहे, 2007 च्या सुमाराचा. फाईलमधला मजकूर जागीच बदलणारं ‘सेड -आय’ही लिनक्सपेक्षा वेगळं वागतं.

रीडमीमधली (प्रोजेक्टच्या सूचनांच्या फाईलमधली) पायरी चुकीची निघाली तर गुपचूप तोडगा काढून पुढे जाऊ नका, दुरुस्ती पाठवा. आपल्याला नवीन असताना संकोच वाटतो. इथल्या सहकाऱ्यांना मात्र त्याचं खरंच कौतुक असतं. माझी पहिली ओळख अशाच एका दुरुस्तीने झाली.

जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते, महिरपी कंस ऑल्ट-जीआर दाबून 7 आणि 0 वर. अमेरिकन कीबोर्ड पहिल्याच दिवशी मागून घ्या.